सहीपुरत्या सदस्या आणि लक्ष्य २३

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर काम करणारी एक लहान संस्था खाडी आणि कांदळवनाच्या संवर्धनासाठी आंतरराष्ट्रीय निधीकडे प्रस्ताव पाठवते आहे आणि अर्जात ‘लिंगभाव कृती आराखडा’ नावाचा एक स्वतंत्र भाग भरायचा आहे. प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्रजाती आणि अधिवास वाचवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात स्त्री-पुरुष समानतेचे वेगळे लक्ष्य (शीर्षकातले लक्ष्य २३) कशासाठी घातले? गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत एक तृतीयांश महिला आहेतच, तेवढ्याने भागते का? आणि भागत नसेल तर त्या भागात नेमके काय लिहावे, म्हणजे ते मागच्या अर्जातून उतरवल्यासारखे वाटणार नाही?

मी गेली काही वर्षे लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या सजीवांची आणि त्यांच्याविषयीच्या स्थानिक माहितीची लेखी नोंद, तयार करण्याचे काम करतो आणि मधूनमधून अशा प्रस्तावांची छाननीही करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमचा प्रश्न वरवर ‘किती महिला’ असा दिसतो. माझ्या अनुभवात खरा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडे आहे: निसर्गाचा कोणता वापर हा ‘वापर’ म्हणून कागदावर येतो, आणि जो येत नाही त्याचे संवर्धनाचे नियम ठरताना काय होते? समितीतल्या खुर्च्या त्यानंतर मोजायच्या.

आधी एक कबुली देतो. याची उत्तरे परिस्थितीप्रमाणे बदलतात. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेत जे चालते ते खाडीकाठच्या गावात चालेलच असे नाही, कारण तिथे जंगलावरचा हक्क निदान कायद्याच्या भाषेत मांडता येतो, तर भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलावर कोणाचाच लेखी हक्क नसतो. गावातली जातींची आणि वाड्यांची मांडणी, पुरुष मुंबईला असतात की घरी, बचत गट जिवंत आहे की नुसता पासबुकावर आहे, या सगळ्यावर पुष्कळ अवलंबून असते. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातली पद्धत उचलावी, तपशील आपल्या गावात तपासून घ्यावेत.

प्रथम कराराकडे पाहू, कारण अर्जातला तो भाग तिथून आलेला आहे. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैविक विविधतेचा करार सह्यांसाठी खुला झाला, तेव्हाच त्याच्या प्रस्तावनेत संवर्धनातील स्त्रियांची कळीची भूमिका मान्य केली गेली आणि धोरण ठरवण्यापासून अंमलबजावणीपर्यंत सर्व पातळ्यांवर त्यांचा पूर्ण सहभाग हवा असेही म्हटले गेले. परंतु प्रस्तावनेतल्या वाक्याने कोणावर कसलेही बंधन येत नाही. ते दारावरच्या तोरणासारखे असते. २००८ मध्ये करारातल्या देशांच्या बॉनच्या परिषदेत पहिला लिंगभाव कृती आराखडा आला, पण तो मुख्यतः कराराच्या सचिवालयाने काय करावे यापुरता होता. सदस्य देशांनी काय करावे हे २०१४ च्या प्योंगचांग परिषदेतल्या दुसऱ्या आराखड्यात आले.

दरम्यान २०१० मध्ये नागोया येथे याच कराराखाली पुढच्या दशकासाठीची ‘आयची लक्ष्ये’ ठरली होती. त्या वीस लक्ष्यांपैकी केवळ चौदाव्यात स्त्रियांचा उल्लेख होता, तोही परिसंस्थांच्या सेवा टिकवताना स्त्रिया, आदिवासी आणि स्थानिक समुदाय, गरीब आणि दुर्बल घटक यांच्या गरजा लक्षात घ्याव्यात अशा स्वरूपाचा. म्हणजे स्त्री तिथे ज्यांची सोय पाहायची अशा लोकांच्या यादीत उभी होती. निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत नव्हती. हा फरक वरून भाषेचा वाटतो, पण त्याच भाषेवरून पुढे प्रकल्पांची अंदाजपत्रके बेतली जातात. ‘गरजू’ म्हटले की शिलाई मशीन आणि प्रशिक्षण शिबिर येते, आणि ‘हक्कदार’ म्हटले की नकाशा, सातबारा आणि ठराव यांचा विषय निघतो.

आयची लक्ष्यांची जागा घेणाऱ्या नव्या जागतिक आराखड्याचा पहिला मसुदा २०२१ च्या जुलैमध्ये आला, तेव्हा त्यात एकवीस लक्ष्ये होती आणि स्त्रियांचा उल्लेख शेवटच्या लक्ष्यात, इतर घटकांच्या जोडीने, सहभागापुरता होता. स्वतंत्र लक्ष्य असावे ही मागणी महिला संघटनांच्या गटाने लावून धरली, कोस्टा रिकाने तो प्रस्ताव मांडला, आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी माँट्रियल येथे संमत झालेल्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात तेविसावे लक्ष्य आले. बाविसावे लक्ष्य निर्णयप्रक्रियेतील सहभाग, माहिती आणि न्याय यांविषयी, तसेच पर्यावरणीय हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या संरक्षणाविषयी आहे. तेविसाव्याचा मजकूर लांबलचक असला तरी त्यात दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या सुट्या करून वाचाव्यात. एक म्हणजे सर्व पातळ्यांवर स्त्रियांचा आणि मुलींचा पूर्ण, न्याय्य, अर्थपूर्ण आणि माहितीवर आधारलेला सहभाग आणि नेतृत्व. दुसरी म्हणजे जमीन आणि नैसर्गिक संसाधने यांवरील त्यांचे समान हक्क मान्य करणे. माझ्याकडे छाननीला आलेल्या बहुतेक प्रस्तावांत पहिल्या अर्ध्यावर दोन पाने असतात, आणि दुसऱ्या अर्ध्यावर एक ओळही नसते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. प्रजाती वाचवण्याशी याचा काय संबंध, हे मला वाचून समजले नव्हते. ते माझ्या एका चुकीतून समजले, आणि ती चूक इथे सांगणे उपयोगी पडेल.

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात मी नोंदवहीचे काम करत होतो. बैठक कधी घ्यावी असे विचारले तेव्हा समितीतल्या मंडळींनी अमावास्या सुचवली, कारण त्या दिवशी गावातले पुरुष कामावर जात नाहीत आणि देवळासमोर सगळे भेटतात. दुपारी चारची वेळ ठरली. बैठक उत्तम झाली. जुन्या जाणत्यांनी माशांची नावे झराझरा सांगितली. कोणता मासा कोणत्या वाऱ्याबरोबर खाडीत शिरतो, कोणत्या जाळ्यात येतो, पूर्वी कोणता मिळायचा आणि आता मिळत नाही, हे सगळे वहीत उतरले. समितीतल्या दोन महिला सदस्यांच्या सह्या आदल्या दिवशीच घरी जाऊन घेतलेल्या होत्या. त्या बैठकीत नव्हत्या याचे मला त्या वेळी विशेष काही वाटले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

अमावास्येला उधाण असते, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. उधाणात भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटीही खोल जाते, आणि आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी साधारण पहाटे आणि सायंकाळच्या सुमारास येते. म्हणजे मी देवळासमोर माशांची यादी करत होतो त्याच वेळी गावातल्या बायका पंधरा दिवसांतून एकदा उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढत होत्या, आणि चिखलात हात घालून ‘तिसऱ्या’ आणि ‘खुबे’ हे शिंपले वेचत होत्या. पुरुषांच्या सुट्टीचा दिवस हाच त्यांचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस होता. पुढे एकदा वाटेत भेटलेल्या एका आजींना मी ‘तुम्ही बैठकीला का आला नाहीत’ असे विचारले, तेव्हा डोक्यावरची पाटी न उतरवताच त्या म्हणाल्या, “मिटिंग थांबात, सुकती थांबाची नाय.” सुकती म्हणजे ओहोटी.

यादीत शिंपल्यांची जेमतेम दोन नावे आली होती. एवढ्यावर थांबले असते तर ती नोंदवहीतली एक उणीव ठरली असती, पुढे भरून काढता आली असती. परंतु त्या यादीच्या आधारे आम्ही एक शिफारसही लिहिली होती: खाडीच्या मुखाजवळचा, तिवरांच्या कडेचा एक पट्टा माशांच्या पिलांसाठी महत्त्वाचा आहे, तो काही वर्षे पूर्ण बंद ठेवावा. पुरुषांची त्याला हरकत नव्हती, कारण त्यांची होडी तिथे जातच नाही. तो पट्टा म्हणजे बायकांचा कालवांचा खडक होता. शिफारस मंजूर झाली असती तर कागदावर कोणाचेही नुकसान झाले नसते. कारण ज्यांचे नुकसान होणार होते त्यांचा वापर कागदावर नव्हताच. पुढे काय झाले असते तेही उघड आहे. बायका पहाटेच्या अंधारात जाऊन कालवे काढत राहिल्या असत्या, आम्ही त्याला ‘नियमभंग’ म्हटले असते, आणि दोन-तीन वर्षांनी कोणीतरी अहवालात लिहिले असते की स्थानिक लोकांमध्ये जागृतीचा अभाव आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर नेमका हाच प्रसंग मोठ्या आकारात घडतो. कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातले तिसरे लक्ष्य २०३० पर्यंत जमीन आणि समुद्राचा तीस टक्के भाग संवर्धनाखाली आणण्याचे आहे. तीस टक्क्यांची ती रेष नकाशावर कोठून ओढायची हे ठरवताना होडीने, जाळ्याने, परवान्याने होणारा वापर सहज दिसतो. हाताने, टोपलीने, ओहोटीच्या दोन तासांत होणारा वापर दिसत नाही, आणि जगभर हा हाताने वेचण्याचा वापर मोठ्या प्रमाणात स्त्रिया करतात. करारातल्या देशांची सोळावी परिषद २०२४ मध्ये ज्या कोलंबियात, कॅली शहरात झाली, त्या देशाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया कांदळवनाच्या चिखलातून ‘पिआंगुआ’ नावाचा शिंपला वेचतात. तिथे पाच सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपला काढू नये असा नियम आहे. हा नियम पाळला जातो की नाही हे शेवटी वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर ठरते. चिखलात कोपरापर्यंत हात घातलेल्या बाईमागे कोणताही निरीक्षक पट्टी घेऊन उभा राहू शकत नाही. मग तो नियम करताना तिला विचारायचे की नाही, हा न्यायाचा प्रश्न तर आहेच, पण नियम टिकणार की नाही हाही प्रश्न आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण अर्ज लिहिताना हात हमखास तिकडे वळतो. ‘स्त्रिया निसर्गाच्या अधिक जवळ असतात’, ‘स्त्री ही जन्मजात संवर्धक आहे’ अशी वाक्ये कृपया लिहू नका. ती ऐकायला गोड असली तरी त्यांच्या आडून प्रकल्पाची सगळी फुकटची कामे बायकांवर येतात: रोपवाटिकेला पाणी घालणे, प्लास्टिक गोळा करणे, पाहुण्यांसाठी जेवण रांधणे. रोज जंगलात किंवा खाडीत जाणारी बाई नियम मोडतेही, कारण चूल पेटवायची असते. तिला विचारात घ्यायचे ते ती रोजची वापरकर्ती आहे म्हणून. तिच्या अंगी काही उपजत पावित्र्य आहे म्हणून नव्हे.

या बाबतीत चांगला अभ्यासही उपलब्ध आहे. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या सामूहिक वनव्यवस्थापन गटांचा दीर्घकाळ अभ्यास केला. कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण साधारण पाव ते एक तृतीयांश झाले की त्या बैठकीला येण्याची, बोलण्याची आणि पद स्वीकारण्याची शक्यता लक्षणीय वाढते असे त्यांना आढळले, आणि नेपाळात केवळ स्त्रियांच्या समित्यांकडे अधिक उजाड जंगल आलेले असूनही तिथल्या जंगलाची स्थिती तुलनेने अधिक सुधारलेली दिसली. याची कारणे साधी आहेत: नियम कोणते केले आणि का केले हे रोज जंगलात जाणाऱ्यांना माहीत असते, राखणीला डोळे वाढतात, आणि भांडण झाले तर बायकांशी बायका बोलू शकतात. पण तो अभ्यास जंगलाचा आहे. ओहोटीच्या पट्ट्याला तो जसाच्या तसा लावू नका. अर्जात उल्लेख करायचाच असेल तर ही मर्यादा सांगून करा. छाननी करणाऱ्याला असा प्रामाणिकपणा आवडतो, निदान मला तरी आवडतो.

निर्णय नेमका घरात कुठे होतो हे ओळखण्याचे उत्तम उदाहरण आसामचे आहे. तिथे हरगिला हा मोठा करकोचा गावातल्या खाजगी झाडांवर घरटी करतो, त्याच्या विष्ठेने आणि कुजक्या मांसाने अंगण घाण होते, म्हणून मालक झाड तोडत असत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना संघटित केले, डोहाळजेवणासारख्या घरगुती समारंभांत त्या पक्ष्याला मानाचे स्थान दिले, त्याची नक्षी हातमागावर आणली, आणि झाडे तुटायची थांबली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. अंगण झाडणारी बाई हीच तिथली खरी ‘धोरणकर्ती’ आहे, हे त्यांनी हेरले होते.

तुमचा दुसरा प्रश्न एक तृतीयांश महिलांचा. जैविक विविधता कायदा २००२ चा आणि त्याखालचे मूळ नियम २००४ चे. त्या नियमांत समितीवर अध्यक्षाखेरीज जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, अशी तरतूद होती. आता गणित करून पाहा. सहाचे एक तृतीयांश म्हणजे दोन. दोन बाया एका खोलीत पाच पुरुषांसमोर, त्यातला एक सासरा किंवा भावकीतला दीर, अशा स्थितीत किती बोलतील हे कोणत्याही गावात बसून पाहता येते. कायदा २०२३ मध्ये सुधारला गेला आहे, म्हणून तुमच्या समितीच्या रचनेला आज कोणती तरतूद लागू आहे ते नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडून तपासून घ्या. पण खोलीतले वातावरण कायद्याच्या सुधारणेने बदलत नाही.

त्यात आपल्याकडे घाईची भर पडली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये समित्या आणि नोंदवह्या ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करा, नाहीतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की अनेक ठिकाणी समितीची स्थापना म्हणजे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भरलेला एक तक्ता झाला. अशा समित्यांतल्या कित्येक बायांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नसते. आमच्या बोलण्यात त्यांना ‘सहीपुरत्या सदस्या’ म्हणतात. दोष त्यांचा नाही हे सांगायला नकोच.

म्हणून मी उपस्थितीचा आकडा पाहत नाही, इतिवृत्ताची वही मागतो आणि तीन गोष्टी पाहतो. बैठक किती वाजता आणि कोणत्या तिथीला झाली. बाईच्या नावापुढे एखादा मुद्दा, सूचना किंवा हरकत नोंदलेली आहे का. आणि तिच्या बोलण्यामुळे एखादा ठराव बदलला, पुढे ढकलला गेला किंवा मागे घेतला गेला, असे एकदा तरी घडले आहे का. तिसरी गोष्ट एकदाही सापडली नाही तर तेहतीस टक्के काय आणि पन्नास टक्के काय. यासाठी आपल्या राज्यात एक आयती सोय आहे: ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा. ती पुष्कळदा उरकली जाते हे खरे, पण कायद्याने दिलेली जागा आहे. बंदीचा, प्रवेशाचा, पर्यटनाचा कोणताही ठराव आधी महिला सभेत मांडायचा आणि तिथला निर्णय लेखी स्वरूपात ग्रामसभेत वाचायचा, एवढे तुमच्या आराखड्यात घातले तरी अर्ध्याहून अधिक प्रस्तावांच्या पुढे जाल.

आणि ‘महिला’ म्हणजे एकजिनसी गट नाही. मी सांगितलेल्या गावात बचत गटाच्या अध्यक्षा शिक्षित, चांगल्या घरच्या आणि खरोखर कामसू होत्या. त्या आयुष्यात कधी कालवे काढायला गेल्या नव्हत्या. खाडीत उतरणाऱ्या बहुतेक दुसऱ्या वाडीतल्या होत्या, त्यात विधवा आणि टाकलेल्या बायका बऱ्याच. अध्यक्षांना विचारले म्हणजे महिलांना विचारले असे धरले असते तर माझी चूक नव्या कपड्यांत पुन्हा तीच झाली असती.

आता तेविसाव्या लक्ष्याच्या हक्काच्या अर्ध्याकडे येतो, जिथे मला वाटते खरा अडथळा आहे. जमिनीवर आपल्याकडे काही चांगले नमुने आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात विवाहितांच्या बाबतीत हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त करण्याची तरतूद आहे, आणि २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे बाया आल्या नाहीत तर सभाच होत नाही. ही तरतूद राखीव खुर्चीपेक्षा पुष्कळ प्रभावी आहे. शेतजमिनीचे मात्र पाहा. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकांची नावे सातबारावर चढवण्याचा प्रयत्न केला त्याला कितीतरी वर्षे झाली, तरी आजही बियाणे राखणारी, निवडणारी, मडक्यात राखेत घालून ठेवणारी बाई कागदोपत्री शेतकरी नसते. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० च्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अशी एक राहीबाई ओळखीची झाली म्हणून बाकीच्या हजारो घरांत वाण राखणाऱ्या बाईला संसाधनाची धारक म्हणून कोणी मोजू लागले, असे झालेले नाही.

ओहोटीच्या पट्ट्यात तर कागदच नाही. होडीची नोंदणी असते, जाळ्याची माहिती असते, मासळी उतरण्याच्या बंदरावर वजने होतात. पाटीतून डोक्यावरून जाणाऱ्या कालवांची नोंद कुठेच होत नाही. हक्क मिळवून देणे तुमच्या संस्थेच्या हाती नाही, हे मान्य. पण वापराचा पुरावा निर्माण करणे तुमच्या हाती आहे. नोंदवहीत खडकांना आणि चिखलपट्ट्यांना गावातल्या बायका वापरतात ती नावे द्या, त्यांचा नकाशा काढा, कोणत्या महिन्यात काय निघते आणि कशाची पिल्ले सोडून देतात ते लिहा, आणि ते ग्रामसभेच्या ठरावाने कायम करा. उद्या तिथे जेटी, बंदी किंवा पर्यटनाचे केंद्र आले तर ‘इथे कोणाचाही वापर नाही’ असे म्हणता येणार नाही, एवढा तरी त्याचा उपयोग होतो. परिसरातून व्यापारासाठी जैविक संसाधने नेणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिलेला आहे. ते पैसे कुठे खर्चायचे या निर्णयात वेचणाऱ्या बाईचा वाटा किती, हेही त्याच ठरावात लिहून घ्या.

निधी देणाऱ्यांच्या बाजूचे थोडे सांगतो. तेविसाव्या लक्ष्याची जागतिक प्रगती प्रामुख्याने देशांनी भरलेल्या हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नांतून मोजली जाते: कायदे, धोरणे, प्रशासकीय व्यवस्था आहे की नाही. भारताने कॅली परिषदेत आपला अद्ययावत राष्ट्रीय कृती आराखडा तेवीस राष्ट्रीय लक्ष्यांसह मांडला. तेव्हा ‘हो’ लिहायला अडचण येऊ नये. पण त्या ‘हो’च्या मागे गावात काय आहे ते दाखवणारा पुरावा वर जाण्याची फारशी वाट नाही. म्हणून तुमच्यासारख्यांचे प्रस्ताव आणि त्यांचे निर्देशक, म्हणजे प्रगती मोजायची मापे, महत्त्वाची ठरतात. पैशाची दिशाही थोडी बदलते आहे. निसर्गातली जनुकीय माहिती वापरून कमावणाऱ्या कंपन्यांच्या योगदानातून उभा राहायचा कॅली निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये करारातल्या देशांच्या रोमच्या बैठकीवेळी सुरू झाला; त्यातला किमान निम्मा भाग आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या, त्यांतील स्त्रिया आणि युवकांसह, त्यांनी स्वतः सांगितलेल्या गरजांसाठी जावा असे ठरले आहे. ‘स्वतः सांगितलेल्या’ हे शब्द लक्षात ठेवा, अर्जात वापरा.

तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. आराखड्याची सुरुवात ध्येयवाक्याने करू नका, वेळापत्रकाने करा. एका पानावर संसाधनांची यादी करून प्रत्येकापुढे लिहा: कोण काढते, कोणत्या वेळी, कोण विकते, पैसा कोणाच्या हाती येतो, आणि त्याच्याबद्दलचा नियम कोण ठरवते. पहिल्या आणि शेवटच्या रकान्यातली माणसे जिथे वेगळी दिसतील तिथे तुमचे काम आहे. निर्देशकही तिथूनच काढा: ‘अमुक महिलांना प्रशिक्षण दिले’ याऐवजी ‘खाडीतील प्रवेशाचे किती नियम महिला सभेत ठरले, किती बदलले’ असा. अंदाजपत्रकात बैठकीच्या दिवसाची बुडालेली कमाई धरा. कालवे काढायची ओहोटी सोडून बैठकीला येणाऱ्या बाईला चहा आणि बिस्किटे पुरत नाहीत, आणि तिचा दिवस फुकट धरून तयार झालेला आराखडा मी तरी मंजुरीसाठी पुढे पाठवत नाही. लहान मुलांना सांभाळायची सोय धरा. पैसा घरी आल्यावर भांडण होऊ शकते, कामाचे तास वाढू शकतात. असे झाले तर काय करणार याची दोन वाक्ये लिहा.

जवळचे उदाहरण हवे असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिला स्वतः होड्या चालवून कांदळवन सफर घडवतात, ते पाहून या. पाहताना उत्पन्न किती एवढेच विचारू नका. दिवसाला किती होड्या सोडायच्या, कोणत्या महिन्यात बंद ठेवायचे हे कसे ठरते, तेही विचारा. तुमच्या आराखड्याला उपयोगी पडेल ते या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मिळेल.

सरपंच किंवा समितीतले पुरुष अडून बसले तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ती वेळ येईल. माझ्या अनुभवात विरोध बहुधा समानतेला नसतो, आपल्याला डावलले जाते आहे या भावनेला असतो. त्यामुळे महिलांची स्वतंत्र बैठक चोरून घेऊ नका. तिची तारीख पुरुषांच्या बैठकीतच जाहीर करा आणि ‘यादी अर्धी राहिली आहे, उरलेली त्यांच्याकडे आहे’ एवढेच सांगा. मी त्या गावात परत गेलो तेव्हा हेच सांगितले. माशांच्या यादीवर अभिमान असलेल्या एका वृद्ध खलाशाने मान हलवून कबूल केले की कालवांतले त्याला फक्त खाण्यापुरते कळते.

दुसऱ्या खेपेला आम्ही पट्टा पूर्ण बंद करण्याची शिफारस मागे घेतली. बायकांनी तीन खडक उघडे आणि एक बंद, असे पाळीपाळीने ठेवायचे सुचवले. कोणता कधी, हे त्या ठरवतात. त्यांच्यात एका खडकावरून अजून वाद आहे. तो खडक दोन वाड्यांच्या मध्ये येतो, आणि या वर्षीची पाळी कोणाची हे मी हे उत्तर लिहीपर्यंत तरी ठरलेले नव्हते.